काकपदाचा इशारा

नाशिकहून त्र्यंबकमार्गे उतरताना किंवा समुद्राच्या बाजूने विक्रमगडाची चढण चढताना जव्हारचे पठार ज्याने एकदा पाहिले आहे, त्याला येथील जुन्या राज्यकर्त्यांचे बळ कशात होते हे निराळे सांगावे लागत नाही. सह्याद्रीची मुख्य रांग आणि किनारपट्टी यांच्या दरम्यान, चारसाडेचारशे मीटर उंचीवर, खोल दऱ्यांनी तोडलेल्या या भूभागातून देश आणि कोकण यांची ये-जा ज्या मोजक्या वाटांनी चाले, त्या वाटा ज्याच्या ताब्यात तो येथला धनी. जमिनीचा वसूल बेताचा, शेती नाचणी-वरईची, आणि राज्याची खरी दौलत म्हणजे वाटेवर उभे राहून कोणाला सोडावे व कोणाला अडवावे हे ठरविण्याचा अधिकार. 1664 च्या आरंभी सुरतेवर जाताना शिवाजी महाराज या मुलखातून गेले आणि शिरपामाळ येथे जव्हारच्या विक्रमशाहाने त्यांचे स्वागत केले, ही आठवण जव्हारकर आजही अभिमानाने सांगतात; मात्र आठच वर्षांनी, 1672 मध्ये, मोरोपंत पिंगळ्यांच्या फौजेने हेच जव्हार त्याच विक्रमशाहाकडून जिंकून घेतले, हे त्या मानाने कमी सांगितले जाते. एकदा मिळालेली वाट पुढच्या खेपेस मोकळी असेलच असे नाही, हा नियम घाटावरच्या पहारेकऱ्यांना पुस्तकावाचून ठाऊक होता.

संस्थान 1948 साली मुंबई प्रांतात विलीन झाले, जव्हार आणि मोखाडा हे ठाणे जिल्ह्याचे तालुके झाले, आणि 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा निराळा निघाल्यावर ते त्या जिल्ह्यात गेले. कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या. पण त्याहून मोठा पालट असा झाला की, कचेरीचे दप्तर कचेरीत राहिले नाही. 2005 साली केंद्र सरकारने मंजूर केलेल्या राज्यव्यापी जाळ्याच्या योजनेत राजधानीपासून जिल्ह्यापर्यंत आणि जिल्ह्यापासून तालुक्यापर्यंत तारेचा रस्ता बांधण्याचा संकल्प होता. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, आणि जो उतारा पूर्वी तलाठ्याच्या लाल फडक्यातून निघे, तो आता कोठेतरी दूर, शासनाच्या डेटा सेंटरातील एखाद्या यंत्राच्या पोटातून निघतो. त्या यंत्रापुढे पहारा आहे, त्या पहाऱ्याचे नाव फायरवॉल. आणि वाड्यापाड्यांतून पायपीट करून आलेल्या माणसास खिडकीवर जे दोन शब्द ऐकावयास मिळतात, ते म्हणजे ‘सर्व्हर डाऊन’. या दोन शब्दांत सर्व काही येते: वीज गेली असेल, डोंगरात केबल तुटली असेल, परवान्याची मुदत संपली असेल, नाहीतर पहाऱ्यावरच्या यंत्राला कोणीतरी चुकीचा हुकूम दिला असेल. यांपैकी नेमके काय झाले हे शोधणाऱ्यांचा धंदा अवघ्या चार दशकांचा आहे, आणि त्याला इतिहास आहे असे सहसा कोणी मानीत नाही.

यंत्राला हुकूम लिहून द्यावा आणि हुकूम न कळल्यास यंत्राने तसे कळवावे, ही रीत फायरवॉलहून जुनी. बेल प्रयोगशाळेत 1969 च्या सुमारास केन टॉम्पसन यांनी युनिक्ससाठी ‘ईडी’ नावाचा जो संपादक लिहिला, तो चूक झाली असता एक प्रश्नचिन्ह छापून गप्प बसे. त्या काळच्या टेलिटाइप यंत्रावर सेकंदास दहा अक्षरे उमटत, प्रत्येक अक्षराला कागद आणि वेळ खर्ची पडे, म्हणून उत्तर तुटक असणे हा उद्धटपणा नव्हे, काटकसर होती. तरी त्या एका चिन्हापुढे हतबुद्ध होऊन बसलेल्यांची संख्या लहान नसावी. पुढे 1976 मध्ये डेक कंपनीच्या टॉप्स-20 या प्रणालीत एक चतुर उलटापालट झाली. हुकूम लिहिता लिहिता माणूस अडला तर त्याने स्वतः प्रश्नचिन्ह टंकावे, आणि या जागी पुढे कोणकोणते शब्द चालतील याची यादी यंत्राने समोर ठेवावी. प्रश्नचिन्ह यंत्राच्या हातून माणसाच्या हातात आले. 1984 मध्ये स्टॅनफर्डच्या परिसरातून निघालेल्या सिस्को कंपनीच्या राउटरांनी याच वळणाची भाषा उचलली, आणि आज फायरवॉलच्या काळ्या पडद्यापुढे बसणारा कोणताही इंजिनिअर दिवसातून कितीतरी वेळा ते प्रश्नचिन्ह दाबतो, त्याची वंशावळ मात्र त्याला ठाऊक असतेच असे नाही.

याच भाषेत नकाराचीही एक ठरीव मुद्रा आहे. हुकूम कळला नाही तर यंत्र पुढल्या ओळीवर एक लहानसे टोकदार चिन्ह उमटविते आणि खाली लिहिते, ‘इन्व्हॅलिड इनपुट डिटेक्टेड’, म्हणजे या टोकाशी लिहिलेले ग्राह्य नाही. आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांतून लेखकाकडून अक्षर गळले की ओळीत अगदी असेच चिन्ह करीत आणि गळलेला मजकूर समासात लिहीत. त्याला काकपद म्हणत. पोथीतले काकपद जेथे असे, तेथेच चूक असे. यंत्राचे काकपद तसे नाही, आणि या धंद्यातील निम्मे शहाणपण हा फरक ओळखण्यात आहे. ते चिन्ह एवढेच सांगते की, वाचता वाचता मी येथवर आलो आणि येथे अडलो. माणूस कोठे चुकला हे त्याला ठाऊक नसते.

उदाहरणार्थ, हुकुमाचा प्रत्येक शब्द बिनचूक असावा आणि काकपद पहिल्याच शब्दाखाली यावे, हा नवशिक्याला नेहमी येणारा अनुभव. येथे दोष शब्दात नसून अधिकारात असतो: नुसते पाहण्याची मुभा असलेल्या पायरीवरून त्याने बदल करण्याचा हुकूम सोडलेला असतो, आणि त्या पायरीवर तो शब्द अस्तित्वातच नसतो. ‘तुला हा अधिकार नाही’ असे यंत्र म्हणत नाही; ‘असा शब्द मला माहीत नाही’ असे म्हणते, आणि बिचारा स्पेलिंग तपासत बसतो. दुसरा प्रकार याहून छुपा. वर्डच्या फाइलीत जपून ठेवलेला हुकूम उचलून जसाच्या तसा पडद्यावर चिकटवावा, तर त्यातील साधी संयोगरेषा त्या प्रोग्रामने परस्पर लांब डॅशमध्ये बदललेली असते, सरळ अवतरणचिन्हे वळणदार झालेली असतात; डोळ्याला फरक दिसत नाही, यंत्राला तो डोंगराएवढा दिसतो. तिसरा प्रकार इतिहासाचाच म्हणावा लागेल. सिस्कोच्या एएसए फायरवॉलची 8.3 ही आवृत्ती 2010 मध्ये आली, तिने पत्त्यांच्या अदलाबदलीची सगळी परिभाषा बदलून टाकली, आणि वर्षानुवर्षे पाठ असलेले ‘ग्लोबल’ व ‘स्टॅटिक’ हे हुकूम एका रात्रीत निरर्थक झाले. हुकूम अशुद्ध नव्हता. सरकार बदलले होते. संस्थान विलीन झाल्यावर जुन्या शिक्क्याचा कागद घेऊन नव्या मामलेदारापुढे उभ्या राहिलेल्या रयतेची स्थिती याहून फार वेगळी नसेल.

आता खुद्द पहाऱ्याकडे वळावयास हवे. 2 नोव्हेंबर 1988 रोजी रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने सोडलेला एक प्रोग्राम, ज्याला पुढे मॉरिस वर्म हे नाव पडले, त्या वेळच्या इंटरनेटवरून पसरत सुटला आणि सुमारे 6,000 यंत्रे त्याने जेरीस आणली असा अंदाज करण्यात आला. तोवर हे जाळे परस्परविश्वासाच्या भरवशावर चालले होते. त्यानंतर वेशीला दार लावण्याची गरज सर्वांस पटली. डेकमध्ये जेफ्री मोगल यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटांची, म्हणजे जाळ्यातून जाणाऱ्या मजकुराच्या सुट्या तुकड्यांची, छाननी करण्याची पद्धत 1989 मध्ये मांडली, बेल प्रयोगशाळेत बिल चेसविक आणि स्टीव्हन बेलोविन यांनी तटबंदीच्या जालद्वाराचे शास्त्र रचले, आणि 1993-94 च्या सुमारास इस्रायलच्या चेक पॉइंट कंपनीने बाजारात आणलेल्या फायरवॉलने, एखादा संवाद आतून कोणी सुरू केला आहे की बाहेरून, हे ध्यानात ठेवण्याची कला आत्मसात केली. आधीचा पहारेकरी प्रत्येक पॅकेट सुटे पाही. नवा पहारेकरी नोंदवही ठेवू लागला. त्या नोंदवहीतील प्रत्येक ओळीला मुदत असते, मुदत टळली की ओळ पुसली जाते, आणि मग सकाळी चाललेला व्यवहार दुपारी का अडला हे कोणालाच कळेनासे होते, कारण नियमांच्या यादीत तर काहीही बदललेले नसते. विक्रमशाहाच्या आठ वर्षांची आठवण येथे अस्थानी ठरू नये.

शोधाची हत्यारेही याच सुमारास तयार झाली, आणि ती अद्याप बदललेली नाहीत ही मौजेची गोष्ट होय. पलीकडचे यंत्र उत्तर देते की नाही हे पाहणारा ‘पिंग’ हा प्रोग्राम माइक म्यूस यांनी डिसेंबर 1983 मध्ये लिहिला. वाटेतले मुक्काम मोजणारा ‘ट्रेसराउट’ आणि जाणारे-येणारे पॅकेट उघडून दाखविणारा ‘टीसीपीडंप’ हे दोन्ही 1987-88 च्या सुमारास लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतून, व्हॅन जेकबसन यांच्या वर्तुळातून आले. फायरवॉल मात्र दीर्घकाळ अबोल राहिली. अमुक पॅकेट का अडविले, असे तिला सरळ विचारता येत नसे. लॉगच्या ओळी उपसत बसावे लागे. 2006 च्या सुमारास एएसएमध्ये ‘पॅकेट ट्रेसर’ हा हुकूम आला आणि प्रथमच असे करता येऊ लागले की, एक काल्पनिक पॅकेट दारातून आत धाडावे आणि ते कोणत्या टप्प्यावर, कोणत्या नियमाने अडले याची कारणासह कैफियत यंत्राकडून लिहून घ्यावी. माझ्या मते या धंद्याच्या इतिहासात काकपदानंतरची मोठी घटना हीच. नकाराबरोबर कारण देणे ही सभ्यता माणसांच्या कचेऱ्यांतूनही अजून पुरती रुजलेली नाही.

येथवरची तटबंदी दगडमातीची होती असे म्हणण्यास हरकत नाही. फायरवॉल ही एक लोखंडी पेटी असे. तिला दारे असत, दारांवर आकडे कोरलेले असत, कोणती तार कोणत्या दारात खोचली आहे हे वाकून पाहता येई. एकाच यंत्रात अनेक यंत्रांचा आभास निर्माण करण्याची विद्या आयबीएमने 1967 मध्येच साध्य केली होती आणि 1972 मध्ये व्हीएम/370 या नावाने ती विकावयासही काढली होती. परंतु ती मोठ्या यंत्रांपुरती राहिली. 1998 मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने तीच विद्या सामान्य सर्व्हरांवर आणली, डेटा सेंटरे आभासी यंत्रांनी भरून गेली, आणि 2012 ते 2014 या दोनतीन वर्षांत पालो आल्टो, सिस्को, जुनिपर अशा मोठ्या घराण्यांनी आपापल्या फायरवॉलची आभासी रूपे बाजारात मांडली. पेटी गेली, फाइल उरली. पहारेकरी तोच, त्याची भाषा तीच, काकपद तेच. फक्त त्याच्या पायाखालची जमीन आता दुसऱ्या कोणाच्या ताब्यात गेली, आणि ती जमीन त्याला स्वतःला दिसत नाही.

या एका पालटाने चुकांचे स्वरूपच बदलले. दारांच्या आकड्यांचे पाहा. हायपरव्हायजर म्हणजे आभासी यंत्रांना जागा देणारी मूळ प्रणाली. ती या पहारेकऱ्याला जी जालदारे बहाल करते, त्यांना ती स्वतःच्या हिशेबाने एक, दोन, तीन असे क्रमांक देते. त्यांतील पहिले दार जवळजवळ प्रत्येक आभासी फायरवॉल स्वतःच्या कारभारासाठी राखून ठेवते, आणि वाहतुकीची दारे दुसऱ्यापासून सुरू करते. त्यातही पंचाईत अशी की, जुनिपरची व्हीएसआरएक्स हायपरव्हायजरच्या दुसऱ्या दाराला ‘शून्य’ म्हणते, तर पालो आल्टोची फायरवॉल त्याच दाराला ‘एक’ म्हणते. वरून पाहणारा ‘तीन’ म्हणतो, आतला ‘एक’ म्हणतो किंवा ‘दोन’ म्हणतो, आणि हुकूम अत्यंत शुद्ध असूनही भलत्याच रस्त्याला लागू होतो. जुनिपरच्या यंत्रांचा आणखी एक स्वभाव असा की, यंत्रात नसलेल्या दारासाठीही हुकूम लिहून ठेवला तर ती विनातक्रार दप्तरी लावतात, कारण उद्या ते दार बसविले जाईल असे त्यांच्या रचनाकारांनी गृहीत धरले आहे. लोखंडी पेटीच्या काळात ही दूरदृष्टी होती. आभासी जगात, जेथे दार देणे विसरणे हे एका खुणेच्या चौकटीपुरते काम आहे, तेथे तिचा अर्थ इतकाच होतो की, चूक झाली आहे आणि काकपद उमटलेले नाही.

याहून अवघड प्रकरण जमिनीखालचे. दोन फायरवॉल जोडीने ठेवण्याची चाल आहे, एक पडली तर दुसरीने क्षणात तिची जागा घ्यावी म्हणून. आणि अनेक रचनांत ही दुसरी जागा घेताना पहिलीचाच जालपत्ता धारण करते किंवा दोघी मिळून एक सामायिक पत्ता वापरतात. आता व्हीएमवेअरच्या आभासी स्विचवर सुरक्षिततेच्या तीन अटी असतात, त्यांतील एक अशी की, ज्याला जो पत्ता नेमून दिला आहे त्याखेरीज अन्य पत्त्याच्या नावे कोणी काही धाडल्यास ते बनावट समजून टाकून द्यावे. अट योग्यच आहे. पण तिच्यामुळे, पहारा बदलताच नव्या पहारेकऱ्याने धाडलेले प्रत्येक पॅकेट खालच्या खाली गडप होते. फायरवॉलला विचारावे तर ती सांगते, दारे उघडी आहेत, नियम जागेवर आहेत, मी इतकी पॅकेटे बाहेर सोडली. आणि ती खरे बोलत असते. अशा वेळी तिच्याच पडद्यावर रात्रभर हुकूम बदलीत बसणाऱ्याला यश येत नाही. येते ते खाली उतरून, ही भिंत कोणाच्या जमिनीवर उभी आहे आणि त्या जमिनीच्या मालकाचे कायदे काय आहेत, हे विचारणाऱ्याला. अडचण बहुधा अशी की, भिंतीचा कारभारी एका खात्याचा आणि जमिनीचा दुसऱ्या, आणि दोघांच्या दप्तरी आपापले सर्व काही बिनतक्रार असते.

परवान्याचेही तसेच. लोखंडी पेटीला कोरलेला अनुक्रमांक असे. आभासी यंत्राला हायपरव्हायजर एक लांबलचक ओळखक्रमांक देतो, आणि पालो आल्टोच्या आभासी फायरवॉलचा परवाना याच क्रमांकाशी बांधलेला असतो. यंत्राची नक्कल केली की क्रमांक बदलतो आणि नकलेचा परवाना रद्द होतो. सिस्कोची एएसएव्ही, म्हणजे एएसएचे आभासी रूप, परवान्यावाचून बंद पडत नाही, पण सेकंदाला 100 किलोबिटांहून अधिक वाहतूक सोडीत नाही. सर्व काही चालू आहे पण काहीच उघडत नाही, ही तक्रार ज्यांनी ऐकली आहे त्यांनी सर्वांत आधी येथे पाहावे.

काळाचा हिशेब हा मात्र निराळा आणि मला विशेष रुचणारा विषय. जव्हारच्या घराण्यातील नेमशाहाला दिल्लीच्या सुलतानाने शाह हा किताब मान्य केला, त्या 5 जून 1343 या दिवसापासून संस्थानाने स्वतःचा सन मोजावयास आरंभ केला आणि तो सरकारी कागदांवर चालविला, अशी नोंद मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या 1882 मधील ठाणे खंडात आहे. शेजारी शके, फसली आणि इंग्रजी सन एकाच वेळी चालू असताना एका लहान संस्थानाने आपला काळ आपल्या दरबारापासून मोजावा, यातला अभिमान कळतो. दोन संस्थानांचे कागद ताडून पाहणाऱ्या कारकुनाची त्रेधाही कळते. युनिक्सच्या वंशातील यंत्रे आपला काळ 1 जानेवारी 1970 पासून सेकंदांनी मोजतात, तेव्हा सनाचे भांडण मिटले म्हणावे. पण आभासी यंत्राने ते नव्या रीतीने उभे केले. आभासी यंत्राचे एखाद्या क्षणीचे चित्र काढून ठेवता येते आणि बिघाड झाला तर त्या क्षणापर्यंत मागे जाता येते. मागे गेलेल्या फायरवॉलचे घड्याळ जर सावरले गेले नाही, तर तिच्या मते आजचा दिवस अद्याप उगवलेलाच नसतो. मग कालपरवा दिलेले प्रमाणपत्र तिला ‘अजून वैध न झालेले’ वाटते, सुरक्षित बोगद्यातून येणारे दूरचे कार्यालय ती अनोळखी म्हणून परतवते, आणि लॉगमधील नोंदींचा क्रम असा विस्कटतो की आधी परिणाम आणि मग कारण लिहिलेले दिसावे. भारतात 28 एप्रिल 2022 रोजी सर्ट-इन या संस्थेने काढलेल्या निर्देशांत घटना सहा तासांत कळविणे आणि लॉग 180 दिवस जपणे यांच्या जोडीने, घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या कालसेवेशी जुळविण्याचे जे बंधन घातले, ते अनेकांना उगाच वाटले. ज्याने दोन घड्याळांच्या भांडणात एक रात्र काढली आहे, त्याला ते वाटले नसेल.

शेवटी एका हुकुमाविषयी, जो डोंगराळ मुलखासाठीच घडविला असावा असे वाटते. दूरवरच्या फायरवॉलवर काम करताना सर्वांत मोठे भय हे की, दिलेला हुकूम शुद्ध असावा, काकपद न उमटता लागू व्हावा, आणि त्यानेच आपली स्वतःची वाट बंद करावी. ‘रीलोड इन’ म्हणजे इतक्या मिनिटांनी पुन्हा सुरू हो, असे आधीच सांगून ठेवण्याची युक्ती सिस्कोच्या यंत्रांवर चाले. जुनिपरने तिला अधिक सुघड रूप दिले. तेथे बदल ‘कमिट कन्फर्म्ड’ असा लागू करता येतो: दहा मिनिटांत कारभाऱ्याने पुन्हा दुजोरा दिला तर ठीक, न दिला तर यंत्र आपण होऊन पूर्वस्थितीवर येते, शिवाय चालू धरून पन्नास आवृत्त्या ते स्वतःजवळ बाळगते. पेटीच्या काळात ही काळजी न घेणाऱ्याला निळी कन्सोल केबल पिशवीत घालून जागेवर जावे लागे. आभासी फायरवॉलचा कन्सोल हायपरव्हायजरमधून कोठूनही उघडता येतो, त्यामुळे डेटा सेंटरातील भिंतीपुरता तो प्रवास सुटला आहे. तारेच्या दुसऱ्या टोकाला, तालुक्याच्या कचेरीत, भिंतीवर खिळ्याने लावलेल्या फळीवरचे राउटर मात्र अजून खरेखुरे लोखंडाचे आहे. त्यावर कोणी वाट बंद करणारा हुकूम दुजोऱ्याच्या अटीवाचून दिला, तर जून ते सप्टेंबरच्या पावसात एस.टी.ने घाट चढून जाणाऱ्या माणसाला पर्याय नाही, आणि तोवर खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन’ हेच उत्तर मिळते.